७३ रुपयांचा टोमॅटो

वहीवाली (२८ जून, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं या संकेतस्थळावर वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मागच्या जूनमध्ये यजमानांची नोकरी बदलली, पगार कमी झाला. तेव्हा मी दोन गोष्टी ठरवल्या. स्वयंपाक साधा करायचा आणि गॅलरीत भाजी लावायची. आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरी आठ बाय साडेतीन फूट, तोंड पूर्वेला. साडेदहापर्यंत ऊन येतं, मग समोरची इमारत आडवी येते.

वर्षभर वहीत सगळं लिहिलं. बागेचा खर्च असा: ग्रोबॅग ८ नग ७२०, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) तीन विटा ५७०, गांडूळखत ४००, निंबोळी पेंड १५०, बियांची पाकिटं ४४०, झारी आणि खुरपं ३२०, निमतेल १८०, नर्सरीतली रोपं १५०. एकूण २,९३० रुपये.

मिळालं काय? टोमॅटो ३ किलो १०० ग्रॅम (मोजून ४० नग), मिरच्या सव्वा किलोच्या आतबाहेर, पालक-मेथी मिळून १४ जुड्यांएवढी. कढीपत्ता, पुदिना आणि गवती चहा वर्षभर विकत आणला नाही. बाजारभावाने लावलं तर १,२६० रुपये होतात. म्हणजे १,६७० रुपयांचं नुकसान. यजमानांनी २,९३० ला ४० ने भागलं आणि जाहीर केलं की आपल्याकडे ७३ रुपयांचा एक टोमॅटो खातात. आता पाहुणे आले की हाच विनोद.

स्वयंपाकाचं मात्र जमलंय असं वाटतं. मंगळवार आणि शुक्रवार 'आहे त्यात' वार. त्या दिवशी काहीही विकत आणायचं नाही. पिठलं, कुळीथ, मुगाची आमटी, फोडणीची पोळी, जे असेल ते. डाळी-कडधान्यं भिजवूनच लावते, कुकरमध्ये भात, वरण, बटाटे एकावर एक. सिलिंडर ३४ दिवस जायचा, आता ४६ दिवस जातो.

तर प्रश्न असा: घरच्या बागेने खरंच पैसे वाचतात का? की हा हौसेचाच प्रकार आहे आणि आपण त्याला काटकसरीचं नाव देतो? आणि कोथिंबीर का उगवत नाही? चार वेळा पेरली.

खाटखूट (२८ जून, रात्री १०:३१)

७३ रुपयांचा टोमॅटो असेल तर कोशिंबीर लॉकरमध्ये ठेवा.

(हलकेच घ्या. वाचतोय.)

पानगी (२८ जून, रात्री ११:०५)

स्वागत. पहिलाच धागा आणि तोही हिशोबासकट, मस्त.

मी मूळची गुहागरची. आमच्याकडे परसात विकत घेऊन लावलेलं झाड म्हणजे एक जास्वंद, तीही आत्याला रंग आवडला म्हणून. बाकी सगळं मागून आणलेलं. मोरीचं पाणी जिथे सांडायचं तिथे अळू आणि केळ. त्या अळवाला कोणी कधी खत घातलेलं मी पाहिलं नाही. दर आठवड्याला फदफदं किंवा वड्या.

तुमची चूक टोमॅटोची आहे असं मला वाटतं. साडेदहापर्यंतच्या उन्हात टोमॅटो रडतच येणार. त्या उन्हात पानं खायची झाडं लावा आणि शक्यतो ज्यांना पाकीट लागत नाही ती. अळूचा कंद, पुदिन्याच्या जुडीतल्या जून काड्या, मायाळूचा तुकडा, ओव्याच्या पानांची फांदी, मोड आलेलं आलं, पातीसाठी लसणाच्या पाकळ्या. यातल्या निम्म्या गोष्टी तुमच्या टोपलीत आत्ता पडलेल्या असतील.

एक सांगते. अळू आणताना भाजीचं की वडीचं ते विचारून घ्या. काळपट देठाचं वडीला, हिरवं भाजीला. आणि चिंच किंवा आमसूल विसरायचं नाही, नाहीतर घसा आठवण करून देतो.

गणितमास्तर (२९ जून, सकाळी ६:४८)

यजमानांचं गणित चुकलं आहे. सगळा खर्च टोमॅटोच्या माथी मारला, मिरची-पुदिन्याला फुकट सोडलं. शिवाय ग्रोबॅग आणि खुरपं एका वर्षात संपत नाही.

नीट मांडू. ग्रोबॅग, झारी, खुरपं मिळून १,०४०. चार वर्षं टिकतील असं धरा, म्हणजे वर्षाला २६०. कोकोपीट तीन वर्षं पुरेल, वर्षाला १९०. बाकीचा दरवर्षीचा खर्च १,३२०. बेरीज १,७७०. उत्पन्न १,२६०. नुकसान ५१०.

आता पुढच्या वर्षी बियांची पाकिटं (४४०) आणि गांडूळखत (४००) बंद केलं, बी घरचं धरलं, खत घरी केलं, तर खर्च ९३० वर येतो. म्हणजे ३३० रुपये फायदा. महिन्याला साडेसत्तावीस.

सिलिंडरचं बघा. ३४ दिवसांना एक म्हणजे वर्षाला १०.७. ४६ दिवसांना एक म्हणजे ७.९. पावणेतीन सिलिंडर वाचले. साडेआठशे भाव धरला तरी साधारण २,४०० रुपये. तुमच्या गॅलरीने सात वर्षांत जे कमवायचं, ते कुकरने एका वर्षात दिलं.

खाटखूट (२९ जून, सकाळी ९:२०)

मास्तर, महिन्याला साडेसत्तावीस रुपये म्हणजे दोन कटिंग. बाग परवडते.

हिमसागर (२९ जून, सकाळी ९:४४)

मी न्यू जर्सीत. इथे मे उजाडल्याशिवाय काही लावता येत नाही, ऑक्टोबरात हिमकडाका पडला की खेळ खलास. मिळाले ते पाच महिने. पहिल्या वर्षी मागच्या अंगणात हौसेने मेथी, भेंडी, घेवडा लावला. एका सकाळी खिडकीतून पाहिलं तर तीन हरणं. मेथीचा वाफा बसून संपवत होती, अगदी पंगतीला बसल्यासारखी. मग कुंपण घातलं त्याचा खर्च वहीत लिहिला असता तर ताईंचा टोमॅटो स्वस्त वाटला असता.

पण इथे ताजी मेथी, गवार, अळूची पानं देशी दुकानात अशा भावाने मिळतात की लावणं परवडतं. म्हणजे प्रश्नाचं उत्तर गाव बदललं की बदलतं. डोंबिवलीत दहा रुपयांना पालक दाराशी येत असेल तर पालक कशाला लावायचा?

पानगी (२९ जून, सकाळी १०:०२)

हरणांची पंगत! हसून हसून पुरेवाट. आमच्याकडे हे काम वानरं करतात, आणि ती वाढप्याची वाटही बघत नाहीत.

नवखा_कुंडीवाला (२९ जून, दुपारी १:१५)

मास्तरांनी घरी खत करा म्हटलंय त्यावर विचारतो. मी रंगाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून भाजीचा कचरा टाकायला लागलो. तीन आठवड्यांत आत काळ्या पाण्याचा लगदा झाला, वास असा की बायकोने डबा जिन्यात ठेवला आणि शेजाऱ्यांनी तो परत आमच्या दारात. त्यात जाडजूड अळ्याही आहेत. टाकून देऊ का?

तांबडीमाती (२९ जून, दुपारी २:३०)

टाकू नका. तुमचा डबा उपाशी नाही, बुडालाय. नुसता ओला माल घातलाय तुम्ही. कलिंगडाच्या साली घातल्या असणार, पैजेवर सांगतो. एक वाटी ओल्याला दोन वाट्या सुकं लागतं: वाळका पाला, फाडलेलं वर्तमानपत्र, नारळाच्या शेंड्या, लाकडाचा भुसा. डबा ताडपत्रीवर उपडा करा, अर्धा दिवस वाळू द्या, सुका पाला मिसळून परत भरा. दोन-तीन दिवसांत वास जाईल. खाली भोकं आणि विटांचे दोन तुकडे, म्हणजे पाणी निघून जातं. अडीच-तीन महिन्यांनी पावसाच्या मातीसारखा वास आला की समजा झालं.

त्या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या असतील. घाण वाटल्या तरी कामाच्या आहेत, चावत नाहीत, झाडाची मुळं खात नाहीत. कोंबड्या असत्या तर भांडल्या असत्या त्यांच्यासाठी.

आता मूळ धाग्यावर. मी जुन्नर तालुक्यातला, टोमॅटो करणारा. हे सगळं वाचून थोडं हसू आलं, थोडा रागही. २०२३ च्या मे महिन्यात आमच्या भागात टोमॅटोला तोडणीची मजुरी सुटत नव्हती, लोकांनी बांधावर ओतला. त्याच वर्षी जुलैत किलोला शंभरी पार झाली तर टीव्हीवर सगळं शहर रडत होतं. तुम्ही घरी पिकवा, ना नाही. पण नारायणगावच्या बाजारात वीस किलोचं क्रेट घेऊन उभं राहिलेल्या माणसाने तुमचा ७३ रुपयांचा हिशोब वाचला तर तो काय म्हणेल, तेही कधी वहीत लिहा. तेवढ्या पैशात त्याची औषधाची एक फवारणी निघत नाही.

वहीवाली (२९ जून, रात्री ९:५०)

तांबडीमाती, तुमचं म्हणणं मनाला लागलं. खरं सांगू, चाळीस टोमॅटो काढताना मला पहिल्यांदा कळलं की भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना मी काय करत होते. नऊ टोमॅटोंना बुडाशी काळा डाग पडून ते गेले. त्याच्या आधी पिठ्या ढेकूण ही कीड. दर रविवारी पानं उलटी करून कापसाने पुसायची. हे तुम्ही एकरावर करता.

मास्तर, तुमचा प्रतिसाद यजमानांना दाखवला. ते म्हणाले, "मास्तरांना सांग, टोमॅटो मीच खाल्ले, पुदिना मी खात नाही, म्हणून भागाकार बरोबर आहे."

तांबडीमाती (२९ जून, रात्री १०:०८)

ताई, राग तुमच्यावर नव्हता. बुडाशी काळा डाग म्हणजे झाडाला चुना पोचला नाही. माती कधी कोरडी ठणठणीत, कधी चिखल, असं झालं की होतं. पाणी रोज थोडं आणि ठरल्या वेळी द्या.

स्पष्टवक्ती (३० जून, सकाळी ११:२५)

सगळे छान छान लिहितायत म्हणून मी वाईटपणा घेते.

वहीत एक रकाना नाही: वेळ. कडधान्य रात्री आठवणीने भिजवणार कोण? फ्लॉवरचे दांडे बारीक चिरून भाजी, मटारच्या सालांच्या आतला पापुद्रा काढून भाजी, दोडक्याच्या शिरांची चटणी, हे सगळं चविष्ट आहे, माझी आईही करायची. ती पहाटे पाचला उठायची आणि रात्री अकराला ओटा पुसायची. आम्ही त्याला 'आईची काटकसर' म्हणून कौतुकाने सांगतो. घरातला पैसा वाचतो तेव्हा बहुतेक वेळा कुणाची तरी पाठ खर्च होत असते. यजमान भागाकार करतात, चांगलं आहे. मटार सोलतात का?

खाटखूट (३० जून, सकाळी ११:३१)

प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

पानगी (३० जून, सकाळी ११:४०)

खाटखूटने पहिल्यांदा शहाणपणा केला.

आज्जी_सांगलीकर (३० जून, दुपारी ४:१०)

स्पष्टवक्ती बरोबर बोलते आहे. माझं वय ७४, मी ते सगळं केलेलं आहे. आमच्या घरी अकरा माणसं आणि एक चूल, मग वातीचा स्टोव्ह. रॉकेल रांगेत उभं राहून आणायचं, त्यामुळे इंधन वाचवणं हौस नव्हती. भाताला उकळी आली की पातेलं उतरवून जुन्या गोधडीत गुंडाळायचं आणि पेटीत ठेवायचं. अर्ध्या-पाऊण तासाने भात मोकळा. तेवढ्यात स्टोव्हवर आमटी. यात कष्ट नव्हते, उलट करपायची भीती नाही म्हणून जिवाला स्वस्थता. तेव्हा काटकसरीचे दोन प्रकार आहेत बघ. एकात काम वाढतं, एकात कमी होतं. दुसऱ्या प्रकारच्या धराव्यात, पहिल्या सोडून द्याव्यात. मटारच्या साली मी सुद्धा आता कुंडीत टाकते.

वहीवाली, तुला एक सुचवते. वहीत खर्च आहे, मिळकत आहे. तिसरा रकाना आख: 'टाकलं'. घरातून काय फेकलं गेलं ते रोज लिही, लाज वाटली तरी लिही. माझ्या सासूबाई लिहीत नसत, पण रात्री झाकपाक करताना मोठ्याने म्हणत, आज काय वाया गेलं. ते ऐकायला नको म्हणून आम्ही जावा आधीच बंदोबस्त करायचो.

प्रयोगशाळा (३० जून, संध्याकाळी ७:०२)

आज्जींची गोधडीची युक्ती उत्तम आहे. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली सराई कुकर केला, तोही थोड्या इंधनात जास्त शिजवायचाच. पण मी अन्नाच्या जंतूंचं काम करते, म्हणून दोन गोष्टी.

राजमा असा झाकून-गुंडाळून शिजवू नका. कच्च्या राजम्यातला एक घटक पोट बिघडवतो आणि मंद आचेवर तो जात नाही. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळा किंवा सरळ शिट्ट्या काढा.

दुसरं, शिळा भात. भात शिजला तरी काही जंतूंचे बीजाणू जिवंत राहतात. ओट्यावर रात्रभर ठेवला की वाढतात आणि जे विष करतात त्यातलं एक फोडणी देऊनही मरत नाही. फोडणीचा भात जरूर खा, पण उरलेला भात ताटात पसरून गार करून लगेच फ्रीजमध्ये.

नवखा_कुंडीवाला (३० जून, संध्याकाळी ७:४०)

आमच्या घरी सकाळचा भात रात्री ओट्यावरचाच खातात, तीन पिढ्या. काही झालं नाही.

प्रयोगशाळा (३० जून, संध्याकाळी ७:५५)

हेल्मेट न घालणारेही असंच सांगतात. ज्यांना झालं ते प्रतिसाद लिहीत नाहीत.

सिव्हिल_काका (१ जुलै, सकाळी ८:१५)

अवांतर, पण लिहितो. कुंड्यांचं वजन कोणी धरलं नाही. ओली माती घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास जाते. वीस लिटरची पिशवी मातीने भरली तर ३५ किलो, आठ पिशव्या म्हणजे २८० किलो. गॅलरी भिंतीतून पुढे काढलेली असते. वजन कठड्याजवळ असलं की ताण जास्त, भिंतीजवळ असलं की कमी. उन्हासाठी सगळे कठड्यालाच रांग लावतात. जड पिशव्या भिंतीकडे सरकवा, हलक्या पुढे. आणि मातीऐवजी पालापाचोळा-खत वापरलंत तर वजन बरंच कमी होतं.

गच्चीवर करणाऱ्यांनी ब्रिकबॅट कोब्यावर (विटांच्या तुकड्यांचा पाणी अडवणारा थर) थेट कुंडी ठेवू नये, खाली विटा ठेवून हवा खेळती ठेवावी. खालच्या मजल्याच्या छताला ओल आली की बागेचं भांडण सोसायटीच्या सभेत जातं. मी अशा दोन सभांना तज्ज्ञ म्हणून गेलो आहे. एकीत चहाही मिळाला नाही.

हिरवीवाट (१ जुलै, दुपारी १२:३०)

काकांना अनुमोदन. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी उसाच्या चिपाडावर भाजीपाला घ्यायचे, माती थोडीच. रसवंतीवाल्याला चिपाड न्यायला माणूस हवाच असतो, माझा तर मला आता फोन करतो. बारीक तुकडे करून पिशवीत दाबायचं, वर घरचं खत.

आणि अमृतजल करून बघा. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराच्या (शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांचा गट) वाटेने दीपक सुचदे यांनी ते पुढे नेलं. १० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस झाकून ठेवायचं, दिवसातून दोनदा-तीनदा ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून झाडांना. मी ठाण्यात करते. शेण गोठ्यातून आणते, लिफ्टमध्ये एकटीच चढते. कारण तुमच्या लक्षात आलंच असेल.

मेथीमुग (१ जुलै, दुपारी ३:०५)

कोथिंबिरीचं कोणीच सांगितलं नाही. धणा म्हणजे जोडफळ, आत दोन बिया. स्वच्छ चपलेखाली किंवा वाटीच्या बुडाने हलकेच रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायचं आणि बोटभर (बोटाच्या रुंदीएवढं) खोल पेरायचं. दहा-पंधरा दिवस लागतात. लोक आठव्या दिवशी आशा सोडून त्याच कुंडीत दुसरं काहीतरी टोचतात. आणि धणे मसाल्याच्या डब्यातले असतील तर किती जुने आहेत बघा.

वहीवाली (१ जुलै, रात्री १०:२०)

बोटभर खोल! मी वरवर भुरभुरून पाणी घालत होते, आणि हो, नवव्या दिवशी तिथे मुळा पेरला होता.

स्पष्टवक्ती, दोन दिवस तुमच्या प्रतिसादावर विचार केला. आधी राग आला, कारण खरं होतं. यजमानांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण काल रात्री मूग त्यांनी भिजवले. एवढे भिजवले की आज उसळ, उद्या डोसे आणि परवा बहुधा शेजारी वाटप.

आज्जी, तिसरा रकाना आजपासून.

पानगी (१ जुलै, रात्री १०:३२)

कोथिंबीर आता मुंबईच्या पावसात पेरू नका, कुजेल. दसऱ्यानंतर करा.

आंबेमोहर (९ ऑगस्ट, सकाळी १०:००)

धागा आज वाचला, वाचनखूण साठवली. विचारायचं होतं, फ्लॉवरच्या पानांचं काय करता? भाजीवाला फुकट देतो.

आज्जी_सांगलीकर (९ ऑगस्ट, दुपारी ४:३०)

कोवळी पानं बारीक चिरून थालीपिठात. जून असतील तर शिरा काढून टाकायच्या. हरभऱ्याची डाळ भिजवून परतून भाजीही होते, लसूण सढळ. ज्वारीच्या भाकरीबरोबर खा, बाजरी नको, चव मारते.

तांबडीमाती (९ ऑगस्ट, रात्री ८:१५)

आज्जी, बाजरीबद्दल असं बोलू नका. जुन्नरकर उठतील.

वहीवाली (२६ ऑक्टोबर, रात्री ९:३५)

धागा वर काढते आहे, दिवाळीच्या उशिराच्या शुभेच्छा.

तिसऱ्या रकान्याचा निकाल. जुलैत घरातून ४१२ रुपयांचं अन्न टाकलं गेलं. मी वाया घालवते असं मला कोणी म्हटलं असतं तर भांडले असते. पण वहीत माझ्याच अक्षरात होतं. अर्धी जुडी कोथिंबीर (पाच वेळा!), बुरशी आलेला पाव, मऊ पडलेल्या दोन काकड्या, वाटीभर आमटी चार वेळा, पनीरचा विसरलेला तुकडा, लिंबं. ऑगस्टमध्ये २६५ आणि सप्टेंबरमध्ये ११०. तीन महिन्यांत मी काही विशेष केलं नाही. फक्त सकाळी फ्रीज उघडून आधी काय संपवायचं ते बघायला लागले, आणि 'आहे त्यात' वार दोनाचे तीन झाले. काकडी मऊ पडायच्या आधी तिचं थालीपीठ होतं. उरलेली आमटी कणकेत जाते. त्या पोळ्यांचं नाव मुलाने 'कालच्या पोळ्या' ठेवलंय, पण खातो.

जुलै आणि सप्टेंबर यांत फरक महिन्याला ३०२ रुपये. मास्तर, तुमच्या गॅलरीच्या साडेसत्तावीसला सांगा.

गॅलरीत आता टोमॅटो नाही. पानगीताईंचं ऐकून अळू, मायाळू, पुदिना, ओवा. सगळं मागून आणलेलं, विकत एक अळूचा कंदही नाही. अळू भिंतीकडे आहे, काका. भांडी विसळलेलं साबणाशिवायचं पाणी त्याला जातं. गणपतीत ऋषिपंचमीच्या भाजीला पानं घरची होती, आणि चिंच विसरले नाही. बागेचा चार महिन्यांचा खर्च शून्य, नवखा_कुंडीवाला यांच्यासारखा एक डबा मीही केलाय, वास येत नाही.

मात्र बागेने पैसे वाचतात असं अजूनही म्हणणार नाही. झालं असं की पुदिना तोडायला रोज गॅलरीत जाते आणि लागेल तेवढ्याच सहा काड्या तोडते. जुडी आणली असती तर उरलेली रकान्यात गेली असती. जे थोडं थोडं लागतं आणि बाजारात गठ्ठ्याने मिळतं, तेवढंच घरी लावायचं, असं माझ्यापुरतं ठरवलंय. पालक तांबडीमातींच्या भाऊबंदांकडून, घासाघीस न करता.

स्पष्टवक्ती (२६ ऑक्टोबर, रात्री ९:५८)

आणि मटार?

वहीवाली (२६ ऑक्टोबर, रात्री १०:०४)

मटारचा हंगाम यायचाय. पण पाणी घालणं आणि कडधान्य भिजवणं त्यांच्याकडे गेलंय ते गेलंयच. प्रमाण अजून जमत नाही.

खाटखूट (२६ ऑक्टोबर, रात्री १०:०९)

सगळं झालं, कोथिंबिरीचं सांगा. चार महिने त्यासाठी थांबलोय.

वहीवाली (२६ ऑक्टोबर, रात्री १०:२२)

नवरात्रात घटातलं धान्य दरवर्षीसारखं भरभरून उगवलं, तेव्हा यजमान म्हणाले, हात वाईट नाही तुझा. म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच मातीत धणे पेरले. नवे आणले, वाटीने रगडले, भिजवले, बोटभर खोल. बाराव्या दिवशी उगवली!

सात काड्या आहेत. कोणीही तोडायच्या नाहीत असं घरात ठरलंय. त्यामुळे आज फराळाच्या चिवड्यावर घालायला जुडी बाजारातूनच आणली.